'रिकामटेकडे' या शब्दापुरतं

'एक कर्मचारी' या नावाने लिहिणाऱ्या वाचकास,
नमस्कार.

सोमवारच्या अभिलेख पाहणीवर, म्हणजे कार्यालयात जाऊन तिथली दप्तरं पाहण्याच्या सोयीवर, मी जो लेख लिहिला, त्याखाली तुम्ही म्हणता: "निवृत्तीनंतर हाताला काम नसलेले रिकामटेकडे लोक माहिती अधिकाराचे अर्ज टाकत बसतात. काहींचा तर तो धंदाच आहे. इकडे आमची रोजची कामं तुंबतात. एकेका ग्रामसेवकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावं आहेत, ते तुम्हाला दिसत नाही. दीडशे शब्दांची अट केंद्राच्या कायद्यात असल्याचं लिहिलंय, तेही चूक. अभ्यास करून लिहा."

शेवटचं आधी घेतो. चूक माझीच. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, ही अट २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात नाही; महाराष्ट्राने ती २०१२ मध्ये आपल्या नियमांत घातली. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. 'अभ्यास करून लिहा' एवढं खाली जोडलं नसतंत, तर जरा मोकळ्या मनाने मानले असते.

आता रिकामटेकडे.

मी ३१ वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली, त्यातली नऊ अभिलेख कक्षात. लाल रुमालात बांधलेली दप्तरं, डांबराच्या गोळ्यांचा वास, पावसाळ्यात भिंतीकडून भिजणाऱ्या खालच्या फळ्या, हे मला कुणी सांगायला नको. 'कागद सापडत नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'शिडीवर कोण चढणार' एवढाच असतो, हेही मला ठाऊक आहे, कारण हे वाक्य मी स्वतः लोकांच्या तोंडावर फेकलेलं आहे. २००३ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या माहिती अधिकार कायद्यासाठी अण्णा हजारेंचं मुंबईत आझाद मैदानावर उपोषण चाललं होतं, तेव्हा अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून मी तिथे गेलो होतो. साहेबांना कळू नये म्हणून कडेला उभा राहिलो, घोषणा दिली नाही. पण गेलो होतो. तेव्हा तुमची नोकरी लागली होती का?

आणि खुर्ची सुटल्यावर मी काय केलं, तेही ऐका. आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावरून आत्याचं नाव परस्पर कमी झालं. तिने हरकत घेतली होती. कार्यालय म्हणालं, असा अर्ज आमच्याकडे आलाच नाही. (कुठलं कार्यालय ते सांगत नाही, तिथली माणसं आता बदलली आहेत.) आत्याकडे पोच नव्हती, तिच्या पिढीतल्या बायका पोच मागत नसत. मी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला आणि त्या महिन्याच्या आवक नोंदवहीची पानं मागितली. तीस दिवस गेले, उत्तर नाही. वीस रुपयांचं तिकीट लावून तिथल्याच वरिष्ठांकडे पहिलं अपील केलं. मग एक पान हातात आलं. त्यावर आत्याचं नाव, तारीख, अनुक्रमांक, सगळं निळ्या शाईत. तीस रुपयांच्या तिकिटांत, टपालखर्च सोडला तर, ऐंशीच्या घरातली बाई खोटी नाही हे सिद्ध झालं. याला तुम्ही रिकामटेकडेपणा म्हणा. मी रिकामा होतो म्हणूनच ते जमलं, हे मात्र कबूल. नोकरीत असतो तर एवढे हेलपाटे घातले नसते.

आणखी एक. २०१० च्या जानेवारीत तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टींना भर सकाळी मारलं. जमिनींचे गैरव्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून बाहेर काढले होते. तेही हाताला काम नव्हतं म्हणून अर्ज टाकत होते का? हा शब्द लिहिण्याआधी तुम्ही क्षणभर तरी थांबायला हवं होतं.

कायद्याचं कलम ६(२) सांगतं की अर्जदाराला माहिती का हवी आहे ते विचारायचं नाही. कामाचा असो की बिनकामाचा, शेजाऱ्याशी भांडण असो की नुसती चौकशी. हेतू विचारायला लागलात की निम्मे अर्ज खिडकीवरूनच परत जातात. म्हणून ते कलम आहे. बाकी, तुम्हाला ही प्रतिक्रिया लिहायला कुणी सांगितलं, ते कळलं तर बरं होईल.

धंदेवाईक अर्जदारांबद्दल: पैसे मागणाऱ्यावर खंडणीचा गुन्हा नोंदवा, कोण अडवतंय? ग्रामसेवकांचं म्हणाल तर पदं भरा, मला काय सांगता. आणि कामं तुंबतात ही ओरड तर ऐकवतच नाही. कलम ४ प्रमाणे सतरा बाबींची माहिती आपणहून जाहीर करायला कार्यालयांना १२० दिवस दिले होते, तेही २००५ मध्ये. ती नीट जाहीर असती तर अर्जच कमी आले असते. परवा एका कार्यालयाचा फलक पाहिला. जनमाहिती अधिकारी, म्हणजे या अर्जांना उत्तर देणारे, म्हणून ज्यांचं नाव आहे, ते मागेच निवृत्त झाले. चहाच्या टपरीवर भेटले, म्हणाले, अजून फोन येतात.

पाहणीचं मात्र तुम्ही सोयीस्करपणे टाळलंत. पुणे महापालिकेत रुजलेली ती पद्धत शासनाने २०१८ च्या नोव्हेंबरात जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली: दर सोमवारी दुपारी ३ ते ५, या आणि दप्तर पाहा. त्याने तुमचेच अर्ज कमी होतात. माझा लेख त्यावर होता, माझ्या निवृत्तीवर नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. पुढची नावानिशी लिहा आणि कार्यालयाचं नाव कळवा. सोमवारी तीनला येईन. शिडी लागली तर मी चढतो.