बाप मेला की हिशोब मिटतो?

बाप-लेकाचा भावनिक सिनेमा आला की परीक्षण न वाचताही सांगता येतं त्यात काय असणार. बटबटीत, उत्तरार्धात नुसती रडारड, पार्श्वसंगीत डोक्यावर आदळतं, दोन स्टार. त्याखाली प्रेक्षक तुटून पडणार: आम्ही ढसाढसा रडलो, तुम्हाला काळीजच नाही! म्हणजे दोन्हीकडच्यांचा वाद एकाच गोष्टीवर, डोळ्यांत पाणी आलं की नाही.

पाणी काढणं तितकं अवघड नाही हो. दिग्दर्शक झेफिरेलीचा १९७९ चा 'द चॅम्प' घ्या. लढतीनंतर मुष्टियोद्धा बाप मरतो आणि लहानगा पोरगा त्याला उठवत राहतो. पुढे १९९५ मध्ये ग्रॉस आणि लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत माणसांच्या भावना जागवायला सिनेमांतले तुकडे निवडले, त्यात दुःखासाठी हा जेमतेम तीन मिनिटांचा प्रसंग होता. हुकमी रडू येतं. त्यावरून सिनेमा चांगला ठरत नाही आणि वाईटही नाही.

मला खटकते ती माफी. आयुष्यभर मुलाशी धड न बोललेला बाप शेवटी आयसीयूत पोचतो. मग कपाटात एक डबा सापडतो, त्यात मुलाची सगळी प्रगतिपुस्तकं जपून ठेवलेली. झालं! पोरगा हंबरडा फोडतो आणि बघता बघता गुन्हेगार तोच ठरतो, बापाला समजून न घेतलेला करंटा. बापाला काहीच करावं लागत नाही, फक्त मरावं लागतं. ही पटकथेची लबाडी आहे. व्हायोलिनं सगळी काढून टाकलीत तरी ती तशीच राहील. पण परीक्षणाचे चार परिच्छेद व्हायोलिनवरच खर्च होतात.

भावनेचंच वावडं असतं तर इटालियन दिग्दर्शक डी सिकाच्या 'बायसिकल थीव्ह्ज'ला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं नसतं. १९५२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिने-मासिकाने समीक्षकांना सर्वोत्तम सिनेमे विचारले, त्या पाहणीत तो पहिला आला. त्यातही संगीत आहे, रडणारं पोर आहे. फरक इतकाच की बाप चोरी करताना पकडला जातो तो मुलाच्या डोळ्यांदेखत, आणि त्यानंतर दोघांना तसंच चालत राहावं लागतं. कोणी मरून सुटत नाही.

'क्रेमर व्हर्सेस क्रेमर'मध्ये बायको घर सोडून जाते आणि मुलाला एकट्याने सांभाळताना बाप रीतसर शिकतो. सुरुवातीला फ्रेंच टोस्ट करताना स्वयंपाकघराचा उकिरडा करतो, शेवटी बाप-लेक न बोलता तोच नाश्ता सराईतपणे बनवतात. मधल्या काळात त्याने काय केलं ते आपण पाहिलेलं असतं, म्हणून रडू आलं तरी फसवल्यासारखं वाटत नाही.

(या सिनेमांतल्या आया हा वेगळाच विषय. बहुतेक वेळा ती भिंतीवरच्या फोटोत, नाहीतर दोघांमध्ये निरोप पोचवायला.)

'क्रेमर'मध्ये मात्र ती मुलाचा ताबा मागायला कोर्टात येते, आणि तिची भूमिका करणाऱ्या मेरिल स्ट्रीपने कोर्टातलं आपलं बोलणं दिग्दर्शक बेंटनच्या संमतीने स्वतः नव्याने लिहिलं. तोवर त्या आईवर दात खाऊन बसलेल्या प्रेक्षकालाही तिची बाजू ऐकून घ्यावी लागते. असं एखादं भाषण आपल्या या डबा सापडलेल्या पोरांनाही कोणीतरी लिहून द्या की. बाप शुद्धीवर असताना म्हणायला.