बाई, बोट आत गेलं!

सकाळपासून डोकं ठणकतंय. पालकांच्या ग्रुपवर मेसेज पडला: "पोरांना शिकायला पाठवतो, खाटीक व्हायला नाही." खाली अकरा अंगठे.

कारण काय, तर मी आठवीच्या तासाला बोकडाची तीन हृदयं नेली. स्टीलच्या डब्यातून. हातमोजे, खाली वर्तमानपत्र, नंतर साबण, सगळं नीट. बोकड माझ्या तासासाठी कापला नव्हता हो, रविवारच्या रश्श्यासाठी कापला होता. तो रस्सा ओरपणारेही त्या अकरांत आहेत, मला माहितीये.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा. वही कोरी, आकृतीत डावं-उजवं कायम उलटं. त्याने महाधमनीत करंगळी घातली आणि ओरडला, "बाई, बोट आत गेलं!" आत म्हणजे थेट डाव्या निलयात, हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात. मग दोन्ही बाजू चिमटीत धरून म्हणाला, ही जाड का? डावी भिंत उजवीच्या जवळपास तिप्पट जाड असते. उजवीने रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलायचं, डावीने पार पायाच्या अंगठ्यापर्यंत. पंधरा वर्षं हे मी फळ्यावर लिहितेय. त्याला चिमटीत कळलं.

"व्हिडिओ दाखवा ना मॅडम." दाखवते की! निळं-लाल रक्त पळतं आणि पोरं जांभया देतात. झडपेखालच्या पांढऱ्या दोऱ्या व्हिडिओत ओढून बघता येतात का? याने ओढल्या. "बाई, ह्या कशाला?" म्हटलं, तूच सांग. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "पावसात छत्री उलटी होते, तसं झडपेचं होऊ नये म्हणून."

मला पुढे काही बोलताच येईना.

बरं, एका मुलीला मळमळलं. तिच्या घरी अंडंही चालत नाही. आधी चिठ्ठी पाठवून विचारायला हवं होतं. चुकलं माझं. आणि कॉलेजातली बेडकांची चिरफाड यूजीसीने २०१४ मध्ये थांबवली, तेही बरंच झालं, बी.एस्सी.ला मीही कापलेत, अजून आठवलं की कसंतरी होतं. पण हे ते नाही ना!

वर्गात एकीने विचारलं, "बाई, हेच काळीज ना?" मी तोंड उघडायच्या आत हाच म्हणाला, "छे! काळीज वेगळं, दिल वेगळं." बरोबर आहे. कवितेत काहीही असो, मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर यकृतच हातात पडतं.

त्याला माहीत असणारच. त्याच्या मामाचं दुकान आहे. हृदयं तिथूनच आणली होती. एरवी चीर देतात, वरच्या नळ्या छाटून टाकतात. मामांनी मुद्दाम अख्खी ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. आणि त्या ग्रुपवर या मुलाची आई आहे. तिने वाचलं असेल ना ते, 'खाटीक व्हायला नाही'? अकरा अंगठ्यांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नाही?

मुख्याध्यापक म्हणाले, यापुढे नको. मी हो म्हणून आले.

शाळा सुटल्यावर तो जिन्यात थांबला होता. "बाई, मामा विचारतोय, गुर्दे कधी पाहिजेत?"