‘क्रोमवर चालतं म्हणून खोटं सांगितलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

ऐन दिवाळीच्या तोंडावर, आम्ही बनवून दिलेल्या तुमच्या बेदाण्याच्या ऑनलाइन ऑर्डर फॉर्ममध्ये घोळ झाला. बेदाण्याचा प्रकार निवडायची यादी आयफोनवर कोरी आली. हिरवा हवा असलेल्यांच्या नावावर काळ्याच्या ऑर्डरी पडल्या आणि गिऱ्हाइकांची बोलणी तुम्हाला खावी लागली. मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. एक तारा दिलात, त्याबद्दलही तक्रार नाही. पण ‘क्रोमवर चालतं म्हणून खोटं सांगून काम घेतलं, प्रत्यक्षात क्रोमवरसुद्धा यादी कोरी’ हे वाक्य वाचून गप्प बसता येत नाही. सांगली-मिरजेत आमचं काम तोंडोतोंडीच मिळतं, आणि आता लोक आधी गूगलवर तारे बघतात.

तुम्ही बघितलंत ते क्रोम आयफोनवरचं आहे. आयफोनवर क्रोम टाका, फायरफॉक्स टाका, एज टाका, आत इंजिन, म्हणजे पान उलगडून दाखवणारा मूळ भाग, ॲपलचं वेबकिटच असतं, म्हणजे आयफोनच्या स्वतःच्या सफारी ब्राउझरचंच. ॲपलचा तसा नियम आहे. युरोपात २०२४ पासून त्यात सूट मिळाली, आपल्याकडे नाही. त्यामुळे ‘क्रोमवर चालतं’ याचा अर्थ कॉम्प्युटरवरचं आणि अँड्रॉइडवरचं क्रोम. तुमच्या तासगावच्या गोडाऊनवर जो अँड्रॉइड आहे, त्यावर हाच फॉर्म उघडून बघा. फोटोसकट यादी दिसेल. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर हे मराठीत लिहिलेलं आहे: ‘फोटोसह यादी क्रोम व एज आवृत्ती १३५ पासून पुढे. आयफोन, सफारी, फायरफॉक्स येथे फोटो दिसणार नाहीत, फक्त नाव व वजन दिसेल. ऑर्डर सर्वत्र जाईल.’ त्याच पानावर तुमची सही आहे. याला खोटं कसं म्हणायचं, ते तुम्हीच सांगा.

आता, नाव आणि वजन तरी दिसायला हवं होतं, मग यादी कोरी का आली? हे जरा सविस्तर सांगतो, कारण रिव्ह्यूत याला ‘पोरखेळ’ म्हटलंय.

फॉर्ममधल्या निवडीच्या यादीला सिलेक्ट म्हणतात. इतकी वर्षं त्या यादीत नुसता मजकूर मावायचा, फोटो घालायची सोयच नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये क्रोमच्या १३५व्या आवृत्तीत ती सोय आली. स्टाइलमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या कोडमध्ये, ‘बेस-सिलेक्ट’ ही एक ओळ लिहिली की पर्यायात फोटो, दोन ओळी, दर, सगळं बसतं आणि यादी मिटल्यावरही निवडलेल्या मालाचा फोटो चौकटीत दिसतो. ज्या ब्राउझरला हे माहीत नाही, तो ती ओळ सोडून देतो, पर्यायातला फोटो गाळतो आणि उरलेला मजकूर नेहमीच्या साध्या यादीत दाखवतो. म्हणजे मजकूर असेल तर काहीच बिघडत नाही. आम्ही फॉर्म दिला तेव्हा प्रत्येक पर्यायात फोटोशेजारी अक्षरात लिहिलेलं होतं: ‘हिरवा बेदाणा, लांब, ५०० ग्रॅम’.

हा मजकूर नंतर तुमच्या ऑफिसमधून, ॲडमिन पॅनेलमधून (तुम्ही स्वतः यादी आणि फोटो बदलता ते पान) काढला गेला. नोंद पॅनेलमध्ये आहे. कारण समजण्यासारखं आहे. तुम्ही नवे फोटो करून घेतलेत, त्यात नाव आणि दर फोटोवरच छापलेले होते, मग शेजारी पुन्हा तेच नाव गर्दी करायला लागलं. अँड्रॉइडवर ते झकास दिसलं. आयफोनवर फोटो गाळला गेला आणि मागे अक्षर एकही उरलं नाही, म्हणून बारा कोऱ्या ओळी. फोटोला पर्यायी मजकूर (फोटो दिसला नाही तर त्याजागी दिसणारा) दिला होता, पण फोटोच गेला की तोही त्याच्याबरोबर जातो.

काळ्याच्या ऑर्डरी पडल्या त्याचं मूळ त्याच दुरुस्तीत आहे. यादीची पहिली ओळ ‘प्रकार निवडा’ अशी होती. तिच्यामागं कुठलाच माल नाही आणि रकाना सक्तीचा, म्हणजे निवड न करता बटण दाबलं तर ब्राउझर तिथंच अडवतो. ‘उगाच एक टॅप वाढतो’ म्हणून ती ओळ काढली गेली. मग यादीतला पहिला माल आपोआप निवडलेला राहतो, आणि तुमच्या यादीत पहिला माल काळा होता. कोऱ्या यादीला कंटाळून ज्यानं नुसतं बटण दाबलं, त्याच्या नावावर काळा. आयफोन बिघडला नाही, सर्व्हरही बिघडला नाही. त्यांना जे मिळालं ते त्यांनी पाठवलं.

‘ब्राउझर तयार नसताना नवीन वापरायचंच कशाला’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. सगळीकडे येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर किती थांबायचं, याचं उदाहरण फॉर्ममधल्या तारखेच्या रकान्याचं, ज्यावर कॅलेंडर उघडतं. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये तो २०१२ साली आला, फायरफॉक्समध्ये २०१७ ला, मॅकवरच्या सफारीत २०२१ ला. मधल्या काळात लोकांनी तो वापरलाच, कारण जिथं नाही तिथं साधी मजकुराची चौकट दिसते आणि काम चालू राहतं. उलट उदाहरण एक्सफॉर्म्सचं, म्हणजे वेबवरचे फॉर्म बनवायच्या एका वेगळ्या पद्धतीचं. २००३ साली मानक म्हणून मंजूर झालं, कागदावर देखणं होतं, पण मोठ्या ब्राउझरांनी ते स्वतःहून कधी घेतलंच नाही आणि नसेल तिथं खाली उतरायला पायरीच नव्हती. आम्ही नवीन गोष्ट घेताना एवढंच बघतो: नाही चालली तर मागे काय उरतं? फोटोच्या यादीला दुसरा मार्ग होता, स्क्रिप्टची लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार प्रोग्राम) टाकून नकली यादी बनवायची. ती आयफोनवरही फोटो दाखवते. पण स्क्रिप्ट उतरेपर्यंत फॉर्म अडतो, कीबोर्डनं नीट चालत नाही, आणि डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांना फोन वाचून दाखवतो तेव्हा बहुतेक वेळा ती मुकी असते. हा पर्याय खर्चासकट तुमच्यापुढं ठेवला होता. तुम्ही स्वस्तातला निवडलात, आणि आमच्या मते तो बरोबरच निवडलात.

फॉर्म मोबाइल नंबर घेत नाही, ही तक्रार मात्र खरी. मराठी कीबोर्डवरून आलेले देवनागरी आकडे तपासणीच्या नियमात बसत नव्हते, तो नियम फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखायचा. आता देवनागरी आकडेही घेतो आणि सर्व्हरवर बदलतो. डिलिव्हरीच्या तारखेत दिवसाआधी महिना दिसतो, ते फोनची भाषा अमेरिकन इंग्रजी असल्यामुळं. पानावरून ते बदलता येत नाही. सर्व्हरकडे तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच जाते, त्यामुळे डिलिव्हरीची तारीख उलटी होत नाही.

पैशाचं सांगतो. ‘स्वतःच्या चुकीचे अडीच हजार मागितले’ असं लिहिलंय. यादी सुरळीत करायचा एक रुपयाही लावलेला नाही, नावं आणि ‘प्रकार निवडा’ ही ओळ त्याच संध्याकाळी परत घातली. अडीच हजार होते फोटोंचे. फोनवरून थेट चढवलेले बारा फोटो, एकेक तीन-चार एमबीचा. यादी उघडो न उघडो, पान उघडलं की सगळे उतरतात, म्हणजे गिऱ्हाइकाचा चाळीस एमबी डेटा नुसत्या एका ड्रॉपडाउनला. ते ३२० पिक्सेल रुंदीचे, वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात, तीसेक केबीपर्यंत आणायचे आणि फोटोवरचे दर पुसायचे, कारण दर बाजाराप्रमाणे बदलतात आणि छापलेला दर बदलत नाही. हे काम मूळ कोटेशनमध्ये नव्हतं.

‘सांगलीत असली कामं जमत नाहीत, पुण्याला जा’ असंही शेवटी लिहिलंय. पुण्यातही आयफोन हाच असतो, साहेब.

पुढं पॅनेलमध्ये पर्यायाचं नाव रिकामं ठेवून सेव्ह करता येणार नाही, ‘प्रकार निवडा’ ओळ काढता येणार नाही, फोटो चढवतानाच लहान होईल असंही काहीतरी बसवतोय, जमेल तसं. तोपर्यंत काही बदललंत की एवढं करा: फॉर्म अँड्रॉइडवर, आयफोनवर आणि कॉम्प्युटरच्या फायरफॉक्सवर उघडा, यादी उलगडून प्रत्येक ओळीत अक्षरं आहेत का बघा, आणि काहीही न निवडता एकदा बटण दाबा. फॉर्मनं अडवलं पाहिजे. सॅमसंगच्या फोनवर त्यांचा स्वतःचा ब्राउझर असतो, तोही बघा. त्याचं इंजिन क्रोमचंच, पण बऱ्याचदा काही महिने मागं असतं.

तारा एकच ठेवा, हरकत नाही. ‘खोटं सांगितलं’ एवढी ओळ कोटेशन पुन्हा वाचून बदलता आली तर बघा.