पाच लाखांचं कवच आणि महिन्याच्या गोळ्या

महाराष्ट्रात आरोग्याचा विषय निघाला की हल्ली एकच आकडा ऐकू येतो, पाच लाख. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर न्यायचं आणि पिवळ्या-केशरी रेशन कार्डांबरोबर पांढऱ्या कार्डवाल्यांनाही त्यात घ्यायचं, हा निर्णय २०२३ मध्ये झाला. जुलै २०२४ पासून तो लागू आहे. मी बोस्टनच्या पश्चिमेला राहतो. गावाकडच्या फोनवर या योजनेवर तावातावाने वाद होतात: पाच लाख पुरतील का, दवाखाने खरंच पैसे मागत नाहीत का, सरकार बिलं वेळेवर चुकतं करतं का. हे पैसे कोणत्या दुखण्यापासून पुढे मिळायला लागतात, हा प्रश्न मात्र फारसा कोणी काढत नाही. मला सर्वांत जास्त तोच छळतो.

माझा आतेभाऊ बार्शीकडे असतो. बरीच वर्षं त्याला साखर आहे, जोडीला बीपी. दर महिन्याच्या गोळ्या, अधूनमधून रक्त तपासणी, डॉक्टरांची फी, सगळं खिशातून. योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे, त्यामुळे यातलं काहीच तिच्यात बसत नाही. हात आखडला की तो गोळ्या एक दिवसाआड घ्यायचा. शेवटी पायाची जखम चिघळली. मग मात्र योजना कामाला आली. वहिनी रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, कागद वर गेले, मंजुरी आली, पायाची दोन बोटं काढली आणि दवाखान्याने एक रुपयाही घेतला नाही. वहिनी आजही योजनेचे आभार मानतात आणि ते योग्यच आहे. पण ज्या गोळ्यांनी ती बोटं कदाचित वाचली असती, त्या गोळ्यांसाठी या पाच लाखांत एक पैसा नव्हता. आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळायला हव्यात. कधी मिळतात, कधी ‘पुढच्या आठवड्यात या’ असं ऐकून परत यावं लागतं.

मी राहतो त्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सर्वांना विम्याखाली आणायचा कायदा २००६ मध्ये केला. १२ एप्रिलला बोस्टनच्या फॅनिल हॉलमध्ये रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी त्यावर सही केली, तेव्हा डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी तिथे हजर होते. प्रत्येक प्रौढाने विमा घ्यायचा, परवडत असूनही घेतला नाही तर दंड. कमी उत्पन्न असेल त्याच्या हप्त्याला सरकारने हातभार लावायचा. ११ किंवा जास्त कामगार असलेल्या मालकानेही वाटा उचलायचा. ओबामांच्या २०१० च्या देशव्यापी कायद्याने हाच साचा घेतला. पुढे केंद्राने आपला दंड २०१९ पासून शून्यावर आणला, या राज्याने आपला ठेवला. दर वर्षी विमा कंपनीकडून १०९९-एचसी नावाचा कागद येतो आणि कोणत्या महिन्यात विमा होता, कोणत्या महिन्यात नव्हता, हे राज्याच्या कर-विवरणात भरावं लागतं. आज इथे विमा नसलेले लोक शंभरात तीनच्या आसपास आहेत. देशातलं हे सर्वांत कमी प्रमाण. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की या विम्यात वर्षाची तपासणी, रक्त-लघवी आणि रोजच्या गोळ्या येतात. आमच्या भागात शाळेची बस चालवणाऱ्या एक बाई मासहेल्थवर, म्हणजे राज्याच्या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या योजनेवर आहेत. त्यांनाही साखर आहे. गोळी चुकली तर ती विसरल्यामुळे चुकते, पैशांमुळे नाही.

तरीही महाराष्ट्राने मॅसॅच्युसेट्सचा कित्ता गिरवावा, असं मी म्हणणार नाही. इथे आधी सगळ्यांना विमा दिला आणि दरांचं नंतर बघू म्हटलं. २०१२ मध्ये खर्चाची वाढ रोखण्यासाठी वेगळा कायदा आणि आयोग आला, वर्षाच्या वाढीची मर्यादा ठरली आणि ती ओलांडलीही गेली. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी हप्ता २०२४ मध्ये वर्षाला २५,००० डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षी स्ट्युअर्ड या खाजगी रुग्णालय-साखळीचं दिवाळं निघालं आणि ऑगस्टअखेर तिची डॉर्चेस्टरमधलं कार्नी आणि एअर गावातलं नाशोबा व्हॅली ही दोन रुग्णालयं बंद झाली. आसपासच्या बहुतेकांच्या खिशात विम्याचं कार्ड होतं, पण रुग्णवाहिका आता आणखी लांब पळवावी लागते. शेजारच्या व्हर्मांट राज्याने तर २०११ मध्ये सर्वांसाठी एकच सरकारी योजना आणण्याचा कायदा केला आणि कराचा हिशेब समोर आल्यावर डिसेंबर २०१४ मध्ये तो बेत सोडून दिला.

महाराष्ट्राकडे मॅसॅच्युसेट्सकडे नाही अशी एक गोष्ट आहे: उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतची सरकारच्या मालकीची साखळी आणि दारोदार फिरणारी आशाताई. ही साखळी कोरडी पडली की काय होतं, ते ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दिसलं. २४ तासांत २४ मृत्यू, त्यातली १२ नवजात बाळं. तिथे कार्डाचा आकडा दीड लाख असता काय किंवा पाच लाख असता काय, फरक पडला नसता. औषधं, परिचारिका आणि खाटा पुरेशा असत्या तर कदाचित पडला असता. म्हणून १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हा निर्णय मला पाच लाखांपेक्षा मोठा वाटतो. केसपेपर फुकट आणि गोळ्या बाहेरून, असं मात्र चालणार नाही. तामिळनाडूने १९९० च्या दशकातच औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. एकत्र खरेदी, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, साठ्याची नोंद. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. त्याबद्दल मला गावाकडून एकही फोन आला नाही.

‘तुमच्याकडे लोक कर भरतात, म्हणून जमतं,’ असं मला पुण्याचे मित्र सांगतात. खर्च तर भारतातही लोकच करतात. २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला ३९ टक्क्यांहून जास्त भाग थेट लोकांच्या खिशातून गेला. केंद्राच्या २०१७ च्या धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरलं होतं, तेही साधलं नाही. याच मित्रांना पांढऱ्या कार्डावर आपणही फुले योजनेत आलो, याचा पत्ता नव्हता. त्यांच्याकडे मेडिक्लेम आहे, सरकारी दवाखान्याची पायरी ते चढत नाहीत आणि तिथे गोळ्या का नाहीत हे विचारायची त्यांना गरज पडत नाही. ज्यांचा आवाज मुंबईपर्यंत पोचतो, तेच गप्प आहेत. इथे तो कराचा कागद प्राध्यापकालाही भरावा लागतो आणि बसवाल्या बाईंनाही. कायद्यात काही बदलायचं म्हटलं की दोघंही कान टवकारतात.

माझी मागणी साधी आहे. साखर आणि बीपीच्या गोळ्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एका वेळी महिन्याभराच्या मिळाव्यात. केंद्रात साठा किती आहे ते दर सोमवारी दारावरच्या फळ्यावर लिहावं आणि साठा संपला तर रुग्णाने मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्यांचं बिल फुले योजनेतूनच चुकतं व्हावं. पाच लाखांतले पाचशे रुपये त्या महिन्यात तरी तिकडे वळायला काय हरकत आहे?