मलम लिहून देता, लावायला कोण शिकवणार?

बाळाच्या गालावर, कोपराच्या आत, गुडघ्यामागे लाल चट्टे उठले की घरी आलेला प्रत्येक माणूस बाळाच्या आईकडे वळतो. बाळंतपणात काय खाल्लंस? वांगं खाल्लं असशील. आंबट खाल्लं असशील. दूध अंगी लागलं नाही बघ.

माझी लेक आता पहिलीत आहे. चार महिन्यांची असल्यापासून तिला एक्झिमा आहे, आपल्याकडे ज्याला इसब म्हणतात तोच. एवढ्या वर्षांत मला, तिच्या बापाला, एकाही नातेवाइकाने काही विचारलेलं नाही. दमा माझ्या वडिलांना होता. सकाळी उठल्यावर शिंकांनी बेजार मी होतो. ही ॲलर्जीची प्रवृत्ती घराण्यातून येते आणि आमच्या घरी ती माझ्याच बाजूने आली असण्याची शक्यता जास्त आहे. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवायला फिलॅग्रिन नावाचं प्रथिन लागतं. त्याच्या जनुकातले दोष आणि एक्झिमा यांचा संबंध स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिला. सगळ्याच मुलांमध्ये हा दोष सापडतो असं नाही. पण कातडीत ओलावा टिकत नाही, साबण-धूळ आत शिरते आणि आग होते, हे सगळ्यांच्याच बाबतीत खरं. त्यात वांग्याचा संबंध कुठे येतो? रात्र रात्र जागलेल्या बाईला हा प्रश्न विचारणं मला क्रूरपणा वाटतो.

आणखी एक. हा आजार लागत नाही. खरूज लागते, गजकर्ण लागतं, एक्झिमा नाही. वर्गात शेजारी बसून, हात धरून, एका डब्यातलं खाऊन कुणालाही होत नाही. आपल्या मुलाला तिच्याजवळून उठवण्याआधी एवढं लक्षात ठेवा. सहा वर्षांच्या मुलीला ते सगळं कळतं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे या मुलांना औषध मिळतं, पण ते वापरायचं कसं हे शिकवलं जात नाही. ओपीडीत शंभर माणसं बाहेर ताटकळलेली असतात, डॉक्टर दोन मलमं लिहून देतात, 'पातळ थर लावा' म्हणतात आणि पुढचा नंबर येतो. पातळ म्हणजे किती? कोणतं आधी? बरं दिसायला लागलं की बंद करायचं का? घरी आल्यावर या प्रश्नांची उत्तरं शेजारी आणि मेडिकलवाला देतो.

त्यातून दोन टोकं तयार होतात. काही घरांत चिठ्ठीशिवाय आणलेलं, सूज-खाज उतरवणारं स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीवरचं औषध एकत्र असलेलं मलम महिनोन्महिने चेहऱ्यावर चोळलं जातं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हीही पाहता. दुसऱ्या टोकाला स्टिरॉइड हा शब्द ऐकूनच ट्यूब कपाटात जाते. 'बाहेर पडतंय ते पडू दे, दाबलं की आत दमा होतो' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय! एक्झिमा असलेल्या काही मुलांना पुढे दमा होतो हे खरं, पण त्याचं कारण तीच ॲलर्जीची प्रवृत्ती. मलमाने आजार आत ढकलला जात नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या ताकदीचं, सांगितलेल्या जागी, सांगितले तितके दिवस लावलं तर ते लेकराची सुटका करतं. नाही लावलं तर चट्टे चिघळतात, लस येते, जंतुसंसर्ग होतो.

आम्हाला हे एका सिस्टरने शिकवलं. तिने माझ्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ ओढली. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. कोमट पाण्याने झटपट अंघोळ, टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि अंग दमट असतानाच मॉइश्चरायझर. तेही चट्ट्यांपुरतं नाही, अंगभर, आणि कातडी चांगली दिसत असतानासुद्धा रोज. तिने जेमतेम पंधरा मिनिटं दिली असतील. त्या पंधरा मिनिटांनी आमचं घर बदललं.

हा फक्त आमचा अनुभव नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्डचा २००३ साली प्रसिद्ध झालेला ५१ मुलांचा एक अभ्यास आहे. तिथे नर्सने पालकांना मलमं लावून दाखवली आणि वर्षभर पाठपुरावा केला. त्रासाची तीव्रता ८९ टक्क्यांनी उतरली, तेही एकूण स्टिरॉइड न वाढवता. वाढलं ते मॉइश्चरायझर. जर्मनीत तर पालकांचे वर्गच घेतात. आठवड्यातून एकदा, दोन तास, सहा आठवडे. डॉक्टर असतात, आहारतज्ज्ञ असतात, मानसशास्त्रज्ञही असतात, कारण खाज मुलाच्या अंगावर असली तरी झोप सगळ्या घराची उडते. २००६ साली त्याचेही निष्कर्ष आले. वर्षभरानंतर मुलांची त्वचा आणि पालकांचं जगणं, दोन्ही सुधारलेलं दिसलं.

रात्रीबद्दल लिहायलाच हवं. दिवसा खेळात खाज विसरली जाते. रात्री अंग तापतं, पांघरूण टोचतं आणि नखं चालू होतात. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. 'खाजवू नकोस' असं ओरडून खाज थांबत नाही, मूल फक्त चोरून खाजवायला लागतं. आम्ही नखं कायम कापलेली ठेवतो, गार ओला सुती रुमाल त्या जागी धरतो, आणि ओरबाडण्याऐवजी तळव्याने दाबायचं हे तिला शिकवलंय. मी आणि बायको आळीपाळीने जागतो. बाबांनो, एवढं तरी करा. रात्रीची पाळी वाटून घ्यायला कुठल्याही डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

आजी-आजोबांना बाजूला सारू नका. धुरी, डाळीच्या पिठाने घासणं, दिवाळीचं सुगंधी उटणं हे आम्ही थांबवलं, तेव्हा आई दुखावली होती. मग अंघोळीनंतर नातीला मॉइश्चरायझर लावायचं काम तिच्याकडेच दिलं. मालिश करणारे तेच हात, तीच गाणी. आता एक दिवसही चुकत नाही.

खाण्याबद्दल एवढंच, की तपासणीशिवाय दूध, अंडी, शेंगदाणे बंद करू नका. वाढत्या वयात त्याने नुकसानच होतं.

खर्चाचं मात्र कुणी बोलत नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांसाठीच्या सूचनांनुसार मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. आपल्या हातात ५०-१०० ग्रॅमची ट्यूब येते, आणि महागही. मग घरं हात आखडून लावतात. सुवास नसलेली साधी पेट्रोलियम जेलीही चालते, हे प्रत्येक ओपीडीत सांगायला हवं. सरकारी रुग्णालयात ती मोठ्या डब्यात फुकट मिळायला हवी. प्रत्येक त्वचा विभागात आठवड्यातून एक तास एका सिस्टरने पालकांना बसवून मलम लावून दाखवावं. त्याला मशीन लागत नाही, वेगळी इमारत लागत नाही.

शिक्षकांना विनंती, अशा मुलाला खिडकीजवळ, पंख्याखाली बसू द्या, पॉलिस्टरच्या गणवेशाऐवजी सुती चालवून घ्या, आणि मधल्या सुट्टीत मॉइश्चरायझरची डबी उघडून हाताला लावायला त्याला दोन मिनिटं द्या.

नाशिक परिसरात ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी मला मेसेज करा. एखाद्या रविवारी चार घरं एकत्र बसू. त्या सिस्टर यायला तयार आहेत. आणि येताना आईबरोबर बाबांनीही यायचं.