जाखडीला मंच नको, वेळापत्रक द्या

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक गणेशोत्सव हा राज्य महोत्सव असल्याचं जाहीर केलं आणि कोकणातल्या चर्चांमध्ये जुनीच जुगलबंदी नव्याने रंगली. एक बाजू म्हणते, आता मोठे मंच उभारा, जाखडीचा गोल रिंगणातला नाच आणि दशावतार दिव्यांच्या झोतात आणा, नाहीतर सगळे पर्यटक गोव्यालाच जाणार. दुसरी म्हणते, बाहेरचे आले की गावाचं वाटोळं झालंच म्हणून समजा. सिंधुदुर्गाला 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हटलं गेलं, तरी वाद तिथेच घुटमळतो आहे. मॉरिशसमधून हे सगळं वाचताना जाणवतं की दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलताच मान्य केली आहे: पाहुण्याला आपली संस्कृती दाखवायची म्हणजे तिचा 'कार्यक्रम' करायचा. इथे राहून मत बनलं ते नेमकं उलट.

मॉरिशसची लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. 2024 मध्ये पर्यटक आले तेरा लाखांहून जास्त, म्हणजे घरच्यांपेक्षा पाहुणे अधिक. यातले बरेचसे पश्चिम आणि उत्तर किनाऱ्यावरच्या हॉटेलांत उतरतात. जेवणखाण आधीच पैशात धरलेलं असल्यामुळे फाटकाबाहेर पडायचं कारणच उरत नाही. त्यांच्या वाट्याला येते ती हॉटेलातली एक सेगा नाचाची संध्याकाळ, गंगा तलावावरच्या 33 मीटर उंच शंकरासमोर फोटो आणि शामारेलची रंगीत माती. यात वाईट काही नाही, पण यावरून बेटाची ओळख झाली असं म्हणणं म्हणजे गेटवे ऑफ इंडिया पाहून मुंबई पाहिली म्हणण्यासारखं आहे.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. पश्चिमेकडच्या फ्लिक आँ फ्लाकच्या हॉटेलांपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर कासकावेल नावाचं गाव आहे. पर्यटकांना हे नाव माहीत असतं ते तिथल्या मॉलमुळे. प्रत्यक्षात कासकावेल आणि डोंगराच्या वरच्या अंगाला असलेलं हेन्रिएटा ही मराठी वस्तीची जुनी गावं आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांसाठी करारावर आलेले मजूर बहुतेक तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या परिसरातले. हेन्रिएटात 1896 पासून गणपती बसतो असं इथे सांगतात. म्हणजे टिळकांच्या 1893 नंतर तीनच वर्षांनी, आणि मंडप-वर्गणीच्या नव्हे तर घरच्या गणपतीच्या वळणाने. आज गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

इथेच पहिली चूक होते. ही सुट्टी बहुतेक वेळा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते: 2024 मध्ये आपल्याकडे 7 सप्टेंबर, इथे 8, 2025 मध्ये आपल्याकडे 27 ऑगस्ट, इथे 28. कारण सरळ आहे. इथे दीड दिवसाचा गणपती सर्रास आणि सुट्टी विसर्जनासाठी. सुट्टीची तारीख बघून सकाळी येणाऱ्याला प्रतिष्ठापना मिळत नाही. दोन्ही हवं असेल तर आदल्या दिवशी पोहोचावं आणि दुपारपर्यंत देवळाजवळ असावं. मिरवणूक निघाली की किनाऱ्याकडे जाणारे रस्ते तुंबतात आणि गाडी मध्येच सोडून चालावं लागतं.

या दिवसांत झाकरी होते. हीच आपली जाखडी. ढोलकीवाला, झांज आणि गाणारे मधोमध, नाचणारे भोवती गोल करून, पुढे झुकत आणि मागे सरत. लय हळू सुरू होऊन चढत जाते आणि शेवटी पाय दिसेनासे होतात. गाणी मराठीत, पण दीडशे वर्षांच्या प्रवासात शब्द घासले गेले आहेत. काही ओळी कोकणातल्या म्हाताऱ्यालाच कळतील, काही त्यालाही नाही. आरती मराठीत होते आणि संपली की गप्पा क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या इथल्या बोलीत. इथल्या मराठी मुलांना प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय घेता येतो, पण घरची भाषा क्रिओलच. पुण्या-मुंबईचे काही पाहुणे यावर नाक मुरडतात, उच्चार सुधारायला जातात. तसं करू नये. हिंदी बहुतेकांना समजते, तिथून सुरुवात करावी.

पाहुण्यासाठी नियम थोडे आहेत, पण ते मोडले की चेहरे बदलतात. उत्सवाआधी काही दिवस घराघरांत मांसाहार आणि दारू बंद असते. तेव्हा हॉटेलातून दोन बिअर पिऊन, समुद्रावरच्या कपड्यांत थेट देवळात येऊ नये. फुलं आणि फळं आणली तर चालतात. फोटो मूर्तीचा बिनधास्त काढा, माणसांचा विचारून. नाचाच्या रिंगणात उडी मारू नका. कडेला टाळ्या वाजवत उभे राहिलात तर हाताला धरून आत घेणारं कुणीतरी भेटतंच. प्रसादाला बोलावलं तर 'नको, नको' म्हणत निघणं हा इथे उद्धटपणा समजतात. तिकीट, राखीव खुर्च्या, स्वागताध्यक्ष, यातलं काही नसतं. लोक पाहुण्यांसाठी नाचत नाहीत, आणि म्हणूनच पाहुण्याला तिथे जागा मिळते.

सेगाचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी आणि मादागास्करी माणसांची ही गाणी. मूळ रूपाला सेगा तिपिक म्हणतात आणि 2014 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. वाद्यं तीन. रावान म्हणजे लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेला रुंद, पसरट ढोल. मारावान म्हणजे उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची चपटी पेटी, आत बिया, दोन्ही हातांनी हलवायची. तिसरा त्रिकोण, लोखंडी सळीचा. हॉटेलातल्या सेगात बहुधा गिटार आणि कीबोर्ड असतो, रावान असलीच तर प्लॅस्टिकच्या पडद्याची. फरक ओळखायचा सोपा मार्ग असा: कार्यक्रमाआधी शेकोटी पेटली का ते पाहा. समुद्राकाठच्या दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज भदभदतो. म्हणून वाजवणारा ढोल जाळापासून हातभर अंतरावर धरून गोल फिरवतो, बोटाने ठोकून बघतो, पुन्हा धरतो. जास्त जवळ नेला तर कातडं कडक होऊन चिरतं. एकदा तापवलेला ढोल काही गाण्यांनंतर पुन्हा उतरतो, त्यामुळे मध्ये थांबावं लागतं. प्लॅस्टिकला यातलं काहीच करावं लागत नाही, म्हणून हॉटेलला ते सोयीचं. नाचताना पाय जमिनीवरून फारसे उचलत नाहीत, घासत सरकवतात. ओल्या वाळूवर चपला घालून प्रयत्न केला तर तोल जातो.

खरी सेगा ऐकायची तर नैऋत्येकडच्या ल मॉर्न डोंगराजवळच्या गावांत किंवा मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावर. रॉड्रिग्जची सेगा तांबूर वेगळी आहे आणि तीही 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. 1 फेब्रुवारी 1835 ला इथली गुलामगिरी संपली. त्या तारखेला सुट्टी असते आणि ल मॉर्नच्या पायथ्याशी कार्यक्रम होतो. पर्यटक पहाटे डोंगर चढून समुद्राचे फोटो काढतात आणि खालच्या गुलाम-मार्ग स्मारकाची दगडी शिल्पं न बघताच परततात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. जुलै 2025 मध्ये आपले मराठा किल्ले जागतिक वारशात गेले, पण गडावरचा सेल्फी आणि गडाचा इतिहास यांची गाठ अजून क्वचितच पडते.

बाकीचं थोडक्यात. लग्नाआधी शुक्रवारी भोजपुरी घरांत बायका गीत-गवई गातात. ते घरगुती असतं, बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि हॉटेलकडून 'सोय' करून घ्यायचा तर विचारही नको. सात भाज्यांचं केळीच्या पानावरचं जेवण, सेत करी, लग्नात किंवा देवळात मिळतं. हॉटेलच्या ताटात ते आलं तर फणस किंवा कच्च्या केळ्याची भाजी गाळलेली असते, पाहुण्यांना आवडत नाही म्हणून. दालपुरी रस्त्यावरच खावी. ती नेहमी जोडीने मिळते, वर मोठ्या वालांची करी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा रस्सा, आणि मिरची. मिरची किती ते आधी सांगावं. भारतीय चेहरा दिसला की हात सैल सुटतो. गाडीवर रोख पैसेच चालतात. मॉरिशसचा एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन-दोन रुपये, आणि सुटे जवळ असू द्यावेत.

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत करारी मजुरांच्या नोंदी आहेत. नाव, वडिलांचं नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज असे तपशील त्यांत मिळू शकतात. कोकणातल्या ज्या घरांत 'एक जण मिरच्या देशात', म्हणजे मॉरिशसला, 'गेला' असं ऐकिवात आहे त्यांनी आधी लेखी विचारणा करून यावं. येताना गावाच्या नावाची जुनी स्पेलिंगं सोबत आणावीत, कारण कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं आहे. आडनाव शोधण्यात वेळ घालवू नये. इथे मूळ पुरुषाचं पहिलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलेलं दिसतं.

मॉरिशसचं सगळं आदर्श आहे असं अजिबात नाही. गावाकडच्या बस संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास संपतात आणि उत्सव तेव्हा कुठे रंगात येतो. परतीची टॅक्सी आधी ठरवली नसेल तर रात्री अडकायला होतं. जानेवारी ते मार्च तमिळांचा कावडी सण आणि महाशिवरात्रीचा काळ, तोच चक्रीवादळांचाही. वर्ग 3 चा इशारा लागला की बस आणि दुकानं बंद. आणि भपक्याच्या हौसेची लागण इथेही आहे. मार्च 2024 मध्ये महाशिवरात्रीच्या यात्रेत एका उंच कावडीचा सांगाडा विजेच्या तारांना लागला, आग लागली आणि 6 भाविक गेले. मूर्तीच्या उंचीवरून मुंबईत कोर्टापर्यंत भांडणं होतात तेव्हा ती निव्वळ धर्माची किंवा पर्यावरणाची नसतात. तारा किती फुटांवर आहेत हाही साधा प्रश्न असतो.

म्हणून कोकणाच्या वादात माझं मत असं: जाखडीला मंच नको, वेळापत्रक हवं. कोणत्या गावात, कोणत्या रात्री, कुठल्या वाडीत नाच फिरणार. दशावताराचा दहिकाला, म्हणजे जत्रेतला रात्रीचा खेळ, कुठल्या गावी. पाहुण्याने कुठे बसायचं, काय घालायचं, काय करायचं नाही. हे ग्रामपंचायतीने एका पानावर लिहावं आणि जिल्ह्याने छापावं. रात्री एकला परत नेणारी एक एसटी आणि देवळाजवळ स्वच्छतागृह, एवढं सरकारचं काम. नियम गावाने ठरवावेत आणि 'यंदा पाहुणे नकोत' म्हणायचा हक्कही गावाकडेच असावा. मंडळाला पैसे द्यायचे तर ते नाचाच्या सुपारीपेक्षा ढोलकीच्या पुड्यांसाठी आणि पोरांना शिकवणाऱ्या बुवाच्या मानधनासाठी द्यावेत. वीस मिनिटांच्या मंचीय जाखडीत चढती लय बसतच नाही. ती चढायलाच अर्धी रात्र लागते.