हिरवा पट्टा म्हणजे सरकारजमा नव्हे

प्रादेशिक योजनेचा (कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारी योजना) मसुदा, त्यातला हिरवा म्हणजे शेतीचा पट्टा आणि त्यावरच्या हरकती यांवर मी लिहिलं होतं. त्यावर 'एक शेतकरी' या नावाने आलेली प्रतिक्रिया: "चार महिने हरकतींचं नाटक, पट्टा हिरवा केला की जमीन सरकारजमा. तुम्ही सरकारचे भाट आहात का?" पुढे आणखी दहा ओळी.

आधी 'भाट'. प्रादेशिक योजनांचे नकाशे 26 वर्षं वाचतोय, तेव्हा थोडं कळतं असं धरून चाला. आधी पदवी बहाल करायची आणि मग प्रश्न विचारायचा, ही कुठली रीत? एक चूक मात्र मान्य. हरकतींचं कलम मी 15 लिहिलं होतं, ते 16 आहे. दुरुस्त केलंय.

आता 'सरकारजमा'. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 वाचलात का? पट्टा हिरवा झाला म्हणून सातबाऱ्यावरचं नाव हलत नाही. योजनेचा मसुदा तयार झाल्याची सूचना प्रसिद्ध झाली की कलम 18 लागतं: शेतीखेरीज वापर किंवा बांधकाम करायचं तर परवानगी घ्या, पालिका हद्दीत पालिकेची, बाहेर जिल्हाधिकाऱ्यांची. शेती करायला कुणाची परवानगी लागत नाही. जमीन घेतली जाते ती आरक्षणात, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेवर, आणि तिथे 10 वर्षांत संपादन झालं नाही तर मालकाने कलम 127 ची नोटीस द्यायची, मग 24 महिने; तरीही काही झालं नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द. हिरव्या पट्ट्यासाठी हीच नोटीस धाडणारे असतात. पट्टा हे आरक्षणच नाही, तर व्यपगत काय होणार?

आणि 'नाटक'. "आमची जमीन हिरव्यातून काढा", ना गाव, ना गट क्रमांक, खाली चाळीस सह्या. अशा अर्जाचं हरकती ऐकणाऱ्या समितीने करायचं काय? हरकत विद्यमान भूवापर नकाशावर (आज कुठल्या जमिनीवर काय आहे ते दाखवणारा) घ्या, कारण प्रस्ताव त्यावरच बेततात. पडीक दाखवलंय तिथे बागायत असेल तर सातबाऱ्यावरची पीकपाहणी जोडा. ओढा सरकलेला दिसत असेल तर मोजणीचा नकाशा. 1:50,000 च्या नकाशावर 1 मिमी जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर 50 मीटर. तुमचा अख्खा गट त्या रेघेखाली जाऊ शकतो! म्हणून रंग बघून घाबरण्याआधी नगररचना कार्यालयातून झोन दाखला, म्हणजे तुमचा गट कुठल्या पट्ट्यात आहे त्याचा दाखला, काढा. हरकतीच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः जा.

मंत्रालय, बिल्डर वगैरे मजकुरावर बोलण्यासारखं काही नाही. गट क्रमांक लिहून विचारलंत तर उत्तर देईन, खऱ्या नावाने विचारलंत तर जरा लवकर.